जुने गोळीबाराचे खेळ अजून टिकून आहेत का?

(पारोळा येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय फळ्यावर लिहिला गेला तेव्हा दोघा-तिघांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, तारीख चुकली का? आज वेदान्त होता ना?" तारीख बरोबर आहे. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला, सत्तरी ओलांडलेला माणूस संगणकावरच्या बंदुकीच्या खेळांवर काय बोलणार, ही शंकाही रास्त आहे. मलाही ती होती. पण प्रश्न माझ्या नातवाने विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. ज्याचं उत्तर देता येत नाही त्याच्यावर विचार करायचा, एवढंच तर आमच्या विषयात शिकवतात.

झालं असं. माझा मुलगा आज चाळिशीचा आहे. तो सुट्टीत घरी आला की रात्री लॅपटॉपवर १९९३ सालचा एक खेळ खेळतो. मी हसलो. म्हटलं, "अरे, एवढा जुना खेळ कोण खेळतं आता?" तर नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही रोज सकाळी ज्ञानेश्वरी वाचता. ती तर सातशे वर्षं जुनी आहे. तिला कोणी जुनी म्हणून हसत नाही."

आता यावर रागावता येतं, किंवा विचार करता येतो. मी आधी रागावलो. विचार नंतर केला.

प्रथम या खेळाची जात समजून घेऊ. याला 'फर्स्ट पर्सन शूटर' म्हणतात. आपण व्याकरणात शिकलो ना, प्रथम पुरुष, द्वितीय पुरुष, तृतीय पुरुष? तोच हा प्रथम पुरुष, म्हणजे 'मी'. पडद्यावर खेळणाऱ्याला स्वतःचा चेहरा दिसत नाही. खाली फक्त हात आणि बंदूक दिसते, बाकी समोरचं जग. तुम्ही वळलात की जग वळतं. डोळा सगळं पाहतो, पण स्वतःला पाहत नाही, हे आपल्या उपनिषदांपासून सगळे सांगत आले. या खेळांनी ते सांगितलं नाही, पडद्यावर नुसतं मांडलं.

अमेरिकेतल्या 'इड सॉफ्टवेअर' नावाच्या छोट्या कंपनीने १९९२ मध्ये 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी' आणि १० डिसेंबर १९९३ रोजी 'डूम' काढला. या जातीचे खेळ जगभर पसरले ते इथून. डूमचा पहिला भाग फुकट होता. आवडला तर पुढचे भाग पैसे देऊन मागवायचे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तो नक्कल केलेल्या फ्लॉपीवर आणि नंतर सीडीवर आला, हे मान्य करून पुढे जाऊ.

आता मूळ प्रश्न. 'टिकणं' म्हणजे काय? घरात दोन गोष्टी टिकतात. एक लोणचं आणि दुसरं विरजण. लोणचं टिकतं म्हणजे बरणीत घातलं तसंच वर्षभर राहतं. त्यात ओला चमचा घालायचा नाही, झाकण घट्ट ठेवायचं. विरजणाचं वेगळं. कालचं दही आज संपलेलं असतं. पण त्यातलं चमचाभर आज दुधात घातलं म्हणून उद्याचं दही होतं. शेजारणीनेही नेलेलं असतं. आपलं बिघडलं तर तिच्याकडून परत आणता येतं. लोणचं जपल्याने टिकतं, विरजण वाटल्याने.

जुन्या खेळांबद्दल लोक वाद घालतात तो बहुतेक लोणच्याचा वाद असतो. चव अजून तशीच लागते का? तर त्याचंही उत्तर देतो. काही बाबतीत लागते, काही बाबतीत नाही.

डूमचं मुख्य बळ त्याचा वेग. त्या काळचे संगणक आजच्या साध्या मोबाइलपुढेही फार दुबळे होते. त्यांच्यावर हे जग पळवायचं म्हणून जॉन कार्मॅक या प्रोग्रामरने एक युक्ती वापरली. ते जग खऱ्या अर्थाने त्रिमिती नाहीच. घराच्या नकाशासारखा एक सपाट आराखडा, आणि प्रत्येक खोलीला जमिनीची व छताची उंची. त्यामुळे एका खोलीवर दुसरी खोली बांधता येत नाही. म्हणजे डूममध्ये माडी नाही! पण या मर्यादेमुळे तो खेळ इतका हलका झाला की आज लोक तो कॅल्क्युलेटरवरसुद्धा चालवून दाखवतात. वर-खाली नेम धरायची भानगड नाही, लांबलचक गोष्ट नाही. पळा, वळा, मारा, वाट शोधा. हे आजही खेळणाऱ्याला धरून ठेवतं. मी मुलाच्या मागे उभा राहून पाहिलं आहे.

आणि काय शिळं झालं? लाल चावी, निळी चावी, पिवळी चावी शोधत रिकाम्या बोळांतून हिंडणं कंटाळवाणं आहे. १९९६ च्या 'ड्यूक न्यूकेम थ्रीडी'सारख्या खेळात बायका दाखवल्या आहेत त्या केवळ शोभेच्या आणि नाचणाऱ्या. आज ते पाहताना लाज वाटते, आणि वाटायलाच हवी. हिंसेचा प्रश्नही टाळता येत नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत कोलंबाइनच्या शाळेत हत्याकांड झालं. हल्ला करणाऱ्या दोघांपैकी एकाने डूमच्या लेव्हल्स बनवल्या होत्या. त्यावरून खेळच मुलांना मारेकरी करतो, असं कोणी म्हटलं तर तो तर्क लंगडा आहे, कारण लेव्हल्स बनवणारे हजारो होते. पण 'नुसता खेळच आहे' म्हणून हात झटकणंही मला पटत नाही. तुम्ही तासन्तास प्रथम पुरुषात बंदूक धरता तेव्हा त्याचा मनाशी काहीच संबंध नाही, असं म्हणायला मी धजणार नाही. पालकांनी वय पाहावं, वेळ पाहावी.

तर लोणचं म्हणून पाहिलं तर निकाल संमिश्र. पण हे खेळ तीस वर्षांनी जिवंत आहेत ते लोणच्यासारखे नाहीत. ते विरजणासारखे आहेत. कसं, ते सांगतो.

वुल्फेन्स्टाइन आला तेव्हा काही खेळाडूंनी त्याच्या फायली खरवडून, त्यांवर स्वतःच्या लेव्हल्स लिहिल्या. कंपनीने परवानगी दिलेली नव्हती. दुसरा कोणी असता तर वकील लावला असता. या मंडळींनी उलट केलं. डूम बनवताना त्यांनी खेळाचे दोन भाग वेगळे ठेवले. एक 'इंजिन', म्हणजे जग कसं चालतं त्याचे नियम. दुसरा भाग म्हणजे 'वॅड' नावाची फाइल, तिच्यात नकाशे, भिंतींची चित्रं, आवाज, राक्षस. तुम्ही स्वतःची वेगळी छोटी वॅड बनवायची आणि खेळ सुरू करताना तिचं नाव सांगायचं. इंजिन मूळ फाइल वाचतं, तुमची वाचतं, आणि जिथे तुम्ही काही बदललं असेल तिथे तुमचं दाखवतं. अशा फेरफाराला 'मॉड' म्हणतात आणि ते करणाऱ्यांना मॉडर. लेव्हल बनवायचं साधन १९९४ च्या सुरुवातीला खेळणाऱ्यांनीच आपापसांत तयार केलं. १९९६ मध्ये तर हौशी मंडळींच्या लेव्हल्स विकत घेऊन कंपनीने 'फायनल डूम' बाजारात आणला.

पुढे डिसेंबर १९९७ मध्ये कंपनीने डूमचा सोर्स कोडच खुला केला. सोर्स कोड म्हणजे पाककृती. तयार भाजी खाणं वेगळं आणि कृती हातात मिळणं वेगळं. तेव्हापासून नवीन संगणक आले, नवीन विंडोज आल्या, दरवेळी कुणीतरी इंजिन नव्या यंत्रावर बसवून घेतलं. मूळ कंपनीला विचारायची गरज उरली नाही. डूमच्या निर्मात्यांपैकी जॉन रोमेरो यांनी २०१९ मध्ये त्याच जुन्या डूमसाठी 'सिजिल' नावाच्या नव्या लेव्हल्स केल्या आणि १० डिसेंबर २०२३ ला, खेळाला तीस वर्षं झाली त्या दिवशी, दुसरा भाग दिला. आपल्या जुन्या नाटकाच्या तिसाव्या वर्षी नाटककाराने नवा अंक लिहून द्यावा, तसं.

आता इथे आपल्या परंपरेतून एक फार जोरदार हरकत येते, आणि ती मला नातवापुढे मांडावी लागली. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. पुढच्या तीनशे वर्षांत हातोहात नकला होताना तिच्यात पाठभेद शिरले, लोकांनी आपल्या ओव्या घुसवल्या. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली पैठणच्या एकनाथ महाराजांनी अनेक प्रती पाहून पाठ शुद्ध केला आणि शेवटी ताकीद दिली. या ग्रंथात कोणी आपली ओवी घालेल तर त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखं होईल, अशा अर्थाची. मग मॉडर म्हणजे करवंट्या ठेवणारेच नाहीत का?

मी यावर बरेच दिवस विचार केला. नाथांचा राग कशावर आहे? नवं लिहिण्यावर नाही. त्यांनी स्वतः भागवताच्या एकादश स्कंधावर केवढा मोठा ग्रंथ लिहिला. राग आहे तो मुळात मिसळण्यावर. वाचणाऱ्याला कळतच नाही की हे ज्ञानोबांचं आणि हे भलत्याचं. आणि गंमत बघा, ज्ञानेश्वरी ही स्वतः गीतेवरची टीका. गीतेचे सातशे श्लोक जसेच्या तसे राहिले, त्यांच्या शेजारी सुमारे ९००० ओव्या उभ्या राहिल्या. मूळ शाबूत, भाष्य शेजारी. गीता टिकली ती अशी, प्रत्येक शतकात कुणीतरी शेजारी बसून लिहीत राहिल्याने. अमळनेरला १९१६ साली प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं, तिथे लोक शंकराचार्यांवर, हेगेलवर वाद घालत बसत. ते वाद थांबले असते तर तिथली पुस्तकं नुसती कपाटात राहिली असती.

तर डूमची वॅड पद्धत नाथांची अट पाळते. मूळ फाइलला हात लागत नाही. तुमची भर वेगळ्या फाइलीत, तुमच्या नावाने. नको असेल तर बाजूला काढा, १९९३ चा डूम जसाच्या तसा. तुलना इथेच थांबवतो. एकीकडे अध्यात्म आणि दुसरीकडे राक्षस मारणं, त्यांना एका पाटावर बसवायचं नाही. पण टिकण्याची रीत दोन्हीकडे एक आहे, हे मला नातवाला कबूल करावं लागलं.

दुसरं उदाहरण आपल्या जास्त जवळचं, 'काउंटर-स्ट्राइक'. आपल्या भागातल्या पस्तिशी-चाळिशीच्या पोरांना विचारा. जळगाव, धुळ्याच्या सायबर कॅफेत दहा संगणक वायरने जोडलेले, तासाचे पैसे मोजायचे आणि "मार रे त्याले!" म्हणून ओरडायचं. हा खेळ मुळात मॉड होता. १९९८ मध्ये 'हाफ-लाइफ' आला, तो ज्या इंजिनावर उभा होता ते इडच्या 'क्वेक'पासून घेतलेलं. त्यावर मिन ली आणि जेस क्लिफ या दोन विद्यार्थ्यांनी १९९९ मध्ये घरी बसून काउंटर-स्ट्राइक बनवला आणि फुकट वाटला. लोक मूळ खेळापेक्षा तोच जास्त खेळू लागले. तेव्हा 'व्हॉल्व्ह' कंपनीने दोघांना कामावर घेतलं आणि २००० मध्ये तो विकायला आणला. त्यातला 'डस्ट टू' हा वाळूच्या रंगाचा नकाशा आपल्या पोरांना गावच्या रस्त्यांइतका पाठ आहे. तो इंग्लंडमधल्या डेव्ह जॉन्स्टन या पोरसवदा मुलाने केलेला. आजही तो खेळला जातो.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. या दोघांचं भलं झालं, पण हजारो मॉडरांना एक पैसा मिळाला नाही. त्यांच्या रात्रींवर कंपन्यांचे खेळ वर्षानुवर्षं विकले गेले. हौस आहे म्हणून मोबदला नको, हा युक्तिवाद आपल्याकडे भजनी मंडळापासून नाटकमंडळीपर्यंत सगळ्यांना ऐकवला जातो. तो तिथेही पूर्ण खरा नाही, इथेही नाही.

आता आजचे खेळ बघा. दिसायला कितीतरी सुंदर. पण बरेचसे चालतात ते कंपनीच्या सर्व्हरवर. तुमच्या हातात फक्त खिडकी, घर त्यांच्याकडे. २३ ऑगस्ट २०२४ ला सोनी कंपनीचा 'कॉन्कॉर्ड' नावाचा याच जातीचा खेळ आला. खेळाडू फार थोडे आले, ६ सप्टेंबरला सर्व्हर बंद. दोन आठवडे! कंपनीने पैसे परत केले, पण खेळ गेला तो गेला. अनेकांनी अनेक वर्षं राबून केलेलं काम कुणाला उघडूनही पाहता येत नाही. २०२० च्या सप्टेंबरात आपल्या सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली तेव्हा घराघरांतली पोरं चेहरे पाडून बसली होती, आठवतं? बंदी योग्य होती की नाही हा वेगळा विषय. मुद्दा एवढाच, की त्यांच्या हातात त्या खेळाचं काही उरलं नाही. पुण्यातही आता असे खेळ बनतात. 'मास्कगन' हा बंदुकीचा खेळ पुण्याच्या 'सुपरगेमिंग'चा. मला त्याचा अभिमान आहे. सर्व्हर आपल्या ताब्यात ठेवायला कंपन्यांकडे कारणंही आहेत. फसवाफसवी रोखायची असते, पगार द्यायचे असतात. पण तीस वर्षांनी यातलं काय उघडेल, हा प्रश्न त्यांनाही विचारायला हवा.

आता शेवटची गोष्ट. ती सांगावी की नाही, असं चाललं होतं मनात. पण मुलाला विचारलं, तो म्हणाला, "सांगा."

२००५ चा उन्हाळा. मुलगा इंजिनिअरिंगला, सुट्टीत घरी. दिवसा तो इथल्या किल्ल्यात जाऊन बसायचा, रात्री संगणकावर. किल्ला आपल्या सगळ्यांच्या पायाखालचा. भुईकोट, भोवती खंदक, १७२७ साली हरि सदाशिव दामोदरांनी बांधला असं सांगतात. पोरगा तिथे काय करतो, हे मी विचारलं नाही. रात्रभर संगणक चालू का, हे मात्र रोज विचारत होतो. तो म्हणायचा, "कंपाइल होतंय." भारनियमनाचे दिवस. मध्येच लाइट जायची, त्याची रात्र वाया जायची, पुन्हा पहिल्यापासून. मग निकाल लागला, दोन विषय राहिले. मी त्या रागात संगणक दुरुस्त करणाऱ्याला बोलावून पूर्ण डिस्क फॉरमॅट करायला लावली. मुलगा दारात उभा होता. काही बोलला नाही.

तो काउंटर-स्ट्राइकसाठी आपल्या किल्ल्याचा नकाशा करत होता. खंदक, बुरुज, दरवाजा, सगळं पावलांनी मोजून वहीत उतरवलेलं. हे मला मागच्या दिवाळीत कळलं. त्याच्या एका मित्राकडे जुन्या सीडीवर एक फाइल निघाली. नातवाने ती लॅपटॉपवर टाकली आणि किल्ला उघडला. माझ्या प्रबंधाच्या टिपणांच्या फ्लॉप्या आज कुठल्याही यंत्रात उघडत नाहीत, आणि वीस वर्षांपूर्वी माझ्या पोराने केलेला किल्ला उघडला. मी कीबोर्ड हातात घेऊन दोन मिनिटं त्यात फिरलो, मग मला गरगरायला लागलं. एका बुरुजाचा जिना अर्धवट होता. मी म्हटलं, "हा पूर्ण कर ना आता."

तेव्हा त्याने समजावलं. नकाशाच्या दोन फायली असतात. एक ज्यात आपण बांधतो ती, आणि दुसरी कंपाइल झाल्यावर खेळात चालते ती. सीडीवर दुसरी होती. पहिली फॉरमॅटमध्ये गेली. चालणाऱ्या फाइलीतून उलटं बांधकाम काढायची साधनं आहेत, पण हाती येतात ते मोडके तुकडे. म्हणजे किल्ला लोणच्यासारखा राहिला, विरजण मी फेकलं होतं.

दोन विषय राहिले याचा राग चुकीचा होता, असं मी आजही म्हणणार नाही. अभ्यास करायलाच हवा होता. पण मी एकदाही विचारलं नाही, "तू हे काय बनवतो आहेस?" तेवढं विचारलं असतं तर रागावलो असतो, पण डिस्क पुसली नसती. समोर बसलेल्या आई-बापांना, आजी-आजोबांना माझी विनंती एवढीच आहे. मूल किती वेळ खेळतं हे जरूर पाहा. त्याबरोबर ते त्या खेळात काही बनवतं का, हेही विचारा. आणि मुलांनो, तुम्ही बनवत असाल तर चालणाऱ्या फाइलीबरोबर बांधायची फाइलही ठेवा, आणि एक प्रत मित्राला द्या.

तर जुने खेळ टिकून आहेत का? ज्यांचं दार उघडं ठेवलं गेलं ते आहेत, आणि ते रोज थोडे नवेही होतात. बाकीचे आठवणीत आहेत.

सध्या बाप-लेक रविवारी किल्ल्यात टेप घेऊन जातात. या वेळी पावलांनी मोजत नाहीत. मला वही सांभाळायचं काम दिलं आहे.

आता प्रश्न विचारा. मागच्या रांगेपासून सुरुवात करू, त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहिती असणार.